खणून उरलेलं गाव

नेदरलँड्समध्ये विमानानं उतरणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस पहिलं पाऊल ठेवतो ते एका उपसलेल्या तळ्याच्या तळाशी. स्किपोल विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा तीन मीटरहून अधिक खाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं होतं. वादळवाऱ्यात ते काठची जमीन गिळत पसरत जायचं, म्हणून लोक त्याला पाणलांडगा म्हणायचे. १८४९ ते १८५२ या काळात वाफेचे अजस्र पंप लावून डचांनी ते कोरडं केलं. हे कौतुक प्रवासवर्णनांतून पुष्कळ वाचायला मिळतं. लांडगा एवढा माजला कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. काठची जमीन भुसभुशीत पीटची होती आणि माणसांनीच ती खणून चुलीत घातली होती, हे त्याचं एक मोठं कारण.

हार्लेमरमेरचं पाप पंपांनी धुऊन काढलं. ओव्हरआयसेल प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात तसलंच पाप उघड्यावर राहिलं, आणि आज ते पाहायला जगभरातून माणसं येतात. त्या गावाचं नाव गीटहोर्न.

गीटहोर्न आपल्याकडच्या सहलवाल्यांच्या पत्रकांतही असतं. बोरूच्या जाड छपरांची घरं, प्रत्येक घराभोवती पाणी, घरातून वाटेवर यायला लाकडी कमानी पूल, हिरवळीवर हायड्रेंजियाचे गुच्छ. 'उत्तरेचं व्हेनिस' हा शिक्का युरोपात अर्धा डझन गावांवर मारलेला आहे, तसा याच्यावरही. वस्ती तीन हजारांच्या आत, पूल दीडशेहून जास्त. जुन्या गावात मोटारीचा रस्ता नाही. मुख्य कालव्याच्या कडेनं पायवाट आहे आणि पाण्यात विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या भाड्याच्या बोटी. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, हे बहुतेकांना बोटीत बसल्यावरच कळतं. त्यामुळे उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी पुलावर उभं राहिलं, तर खाली चिनी, जर्मन आणि भारतीय कुटुंबं एकमेकांवर आपटत, हसत, सॉरी म्हणत पुढं सरकताना दिसतात. २०१५ साली मोनोपॉलीची (आपल्याकडे 'व्यापार' म्हणून खेळतात, त्याच जातीचा खेळ) जागतिक आवृत्ती निघाली. तिच्या पटावर बड्या शहरांच्या रांगेत लोकांच्या मतांवर हे खेडं जाऊन बसलं.

या चित्रातली एकही गोष्ट सौंदर्यासाठी केलेली नाही. हे कालवे म्हणजे जळणाच्या वाहतुकीचे रस्ते. घराभोवतीची बेटं म्हणजे कालवे खणताना मधे उरलेली जमीन. पूल कमानदार, कारण खालून लादलेल्या नावा जायच्या. आणि गावाबाहेर ज्या तळ्यांवर शिडाच्या होड्या फिरतात, ती तळी म्हणजे खाणी आहेत.

पीट म्हणजे अर्धीच कुजलेली वनस्पती. दलदलीत शेवाळ, बोरू, लव्हाळे मरून तळाशी बसतात. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते पुरते कुजत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. वेग वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे पुरुषभर जाडीचा थर साठायला दीड-दोन हजार वर्षं लागतात. याच थरावर कोट्यवधी वर्षं माती-दगडाचा दाब पडला, तर पुढं त्याचा कोळसा होतो. जंगल नसलेल्या, दगडी कोळसा जवळपास नसलेल्या सपाट ओल्या प्रदेशात राहणाऱ्यांना तेवढी वाट पाहण्याची सोय नव्हती. त्यांनी पीटच वाळवून जाळलं.

गाव वसवलं कुणी, याची एक दंतकथा आहे. तेराव्या शतकात स्वतःला चाबकानं फटके मारून घेणारे काही धर्मवेडे पंथीय इथं आले आणि चिखल उपसताना त्यांना बकऱ्यांची शिंगं सापडली. ११७० च्या महापुरात बुडालेल्या बकऱ्यांची ती म्हणे. गावाच्या नावाचा उगम त्या शिंगांत सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण कथेतही गावाचं पहिलं काम खणण्याचंच आहे.

खणणं कसं चाले, ते नीट पाहण्यासारखं आहे. ड्रेन्थ प्रांतासारख्या उंच भागात पीट पाण्याच्या वर होतं, त्यामुळे आधी चर मारून पाणी काढायचं आणि मग फावड्यानं विटा कापायच्या. गीटहोर्नला पीट पाण्याखाली. इथं फावडं निरुपयोगी. सोळाव्या शतकापासून सखल भागात एक हत्यार रूढ झालं: लांब काठी, तिच्या टोकाला धारदार लोखंडी कडं आणि कड्याला जाळीची पिशवी. माणूस नावेत किंवा काठावर उभा राहून ते तळाशी खरवडायचा आणि निथळता काळा गाळ वर खेचून नावेत ओतायचा. पाण्यानं भरलेली ती पिशवी दिवसभर पाण्यातून उपसून काढणं म्हणजे काय, याची कल्पना विहिरीचा गाळ काढलेल्या माणसाला येईल. मग त्या गाळात पाणी घालून, तो पायांनी तुडवून, मुळं-काटक्या काढून त्याची एकजीव लापशी करायची आणि ती खाणीच्या कडेला राखलेल्या जमिनीच्या लांबट पट्टीवर पसरायची. पाणी झिरपून, उडून जायला काही आठवडे लागत. थर जरा आवळला, की पायांना लाकडी फळ्या बांधून माणसं त्यावर चालत. फळी नसेल तर पाय रुते, फळी असेल तर थर दाबला जाई. बायकाही या कामात असत. शेवटी त्याच्या विटा कापायच्या, उलटायच्या, वारा खेळेल अशा फटी ठेवून रचायच्या. गोवऱ्या थापून, वाळवून, रचणाऱ्या बाईला यात नवीन काही दिसणार नाही. फरक इतकाच, की गोवरीचा माल गोठ्यात रोज नव्यानं तयार होतो.

हे सगळं वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत उरकावं लागे. ओल्या विटेवर दहिवर गोठलं, की वाळल्यावर तिचा भुगा होतो. म्हणून हंगाम छोटा, मजुरी नगावर, आणि पाऊस लांबला की पुढच्या हिवाळ्यात खणणाऱ्याच्याच घरी हाल.

आता त्या लांबट पट्टीकडे वळतो, कारण गीटहोर्नची सगळी गोष्ट तिच्या रुंदीत आहे. खाण म्हणजे पाण्याची लांब आयताकृती खाच आणि दोन खाचांमध्ये वाळवणीची पट्टी. खाच जितकी रुंद तितकं जळण जास्त. पट्टी जितकी रुंद तितकं पीट तिच्याखाली अडकून पडलेलं, म्हणजे मालकाच्या नजरेत वाया गेलेलं. खाच किती रुंद असावी आणि पट्टी किती राखावी, याचे नियम होते. पण पट्टीच्या कडेनं हातभर आणखी खरवडलं, तर त्या वर्षी कुणाचंच काही बिघडत नाही. पुढच्या वर्षीही नाही. असं करत करत पट्ट्या निमुळत्या झाल्या आणि त्यांच्यामध्ये उघडं पाणी पसरत गेलं.

गावाच्या पश्चिमेला तेव्हा झाउडर झे हे खारं आखात होतं. नोव्हेंबर १७७६ च्या वादळात त्याचं पाणी बांध फोडून आत घुसलं. रुंद पट्ट्यांनी लाटा अडवल्या असत्या, फोडल्या असत्या. अरुंद पट्ट्या एकेक करून विरघळल्या. जवळच ब्यूलाके नावाचं एक गाव होतं, पीट खणणाऱ्यांचंच. घरं, देऊळ, सगळं असलेलं. ते गेलं. लोक पुन्हा तिथं राहायला आले नाहीत आणि गावाचं नाव आज त्याच्यावर पसरलेल्या तळ्याला आहे. फेब्रुवारी १८२५ मध्ये पुन्हा तसाच पूर आला, त्यात ओव्हरआयसेल प्रांतात सुमारे तीनशे माणसं बुडाली, आणि उरलेसुरले धागेही तुटून तळी आणखी मोठी झाली. आज नकाशात गीटहोर्नच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जी निळी मैदानं दिसतात, त्यांना आपण निसर्ग म्हणतो. सरळ सांगायचं तर तो कडेनं चोरलेल्या हातभर जमिनीचा एकूण जमाखर्च आहे.

पुरावा शेजारीच आहे. गीटहोर्नच्या वायव्येला वेरिबन नावाचा भाग आहे. तिथली खणती उशिराची, पूर पाहिलेल्या लोकांची. तिथं पट्ट्या राखल्या गेल्या. विमानातून किंवा उपग्रहाच्या चित्रात पाहिलं, तर वेरिबन म्हणजे कंगव्यानं विंचरल्यासारखा पाणी-जमीन, पाणी-जमीन असा रेघारेघांचा मुलूख दिसतो आणि गीटहोर्नकडचा वीडन म्हणजे फाटून मोठी भोकं पडलेलं कापड. माती तीच, हत्यार तेच, समुद्रही तोच. अशा दोन शेजाऱ्यांत फरक पाडणारं कारण इतकं स्वच्छ वेगळं काढून दाखवता येण्याची उदाहरणं इतिहासात थोडी असतील.

एवढं जळण जायचं कुठं? शहरांत. पीटचा जाळ दगडी कोळशासारखा कडक नसतो. तितक्याच वजनात साधारण निम्मी उष्णता, वर धूर आणि राख. पण ते पाण्याच्या काठीच निघतं आणि पाण्यानंच शहराच्या दारात पोचतं. बैलगाडीचा खर्च नाही. विटभट्ट्या, बिअरच्या भट्ट्या, मीठ आटवणारे, कपडे धुऊन उजळवणारे, सगळ्यांच्या चुलीत पीटच. १९७८ साली द झेऊ या डच अभ्यासकानं एका गाजलेल्या निबंधात असं मांडलं, की सतराव्या शतकातलं डच सुवर्णयुग मुळात या स्वस्त उष्णतेवर उभं आहे. त्याचे आकडे फुगलेले आहेत अशी टीका नंतर झाली, आणि केवळ जळणानं साम्राज्यं उभी राहत नाहीत हेही खरं. तरी वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे अवशेष पाहताना मसाला, कापड आणि जहाजं यांच्याबरोबर काळ्या चिखलाच्या विटाही आठवायला हरकत नाही. ज्या गावांतून डच ईस्ट इंडिया कंपनीला भांडवल आणि खलाशी मिळाले, ती गावं हिवाळ्यात त्या विटांवरच तगून होती.

अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र आहे. त्यापुढं गर्दी हटत नाही. सगळे तिच्या हाताकडे आणि दुधाच्या धारेकडे पाहतात. उजवीकडे खाली जमिनीवर एक छोटी लाकडी पेटी आहे. ती पाय शेकायची पेटी. आत मातीच्या वाडग्यात पीटचा निखारा ठेवायचा, वर भोकांचं झाकण, त्यावर पाय आणि पायांवरून घागऱ्याचा घेर. पीट धगधगून जळत नाही, तासन् तास धुमसतं, म्हणून या कामाला ते उत्तम.

पीटच्या नावेची एक गोष्ट प्रत्येक डच शाळकरी पोराला ठाऊक असते. १५९० मध्ये ब्रेडा शहर स्पॅनिश फौजेच्या ताब्यात होतं. किल्ल्याला जळण पुरवणारी नाव नेहमी येत असे, त्यामुळे तिची कसून झडती होत नसे. आड्रिआन फान बेर्खन या नावाड्यानं विटांच्या राशीखाली सत्तरएक सैनिक लपवून ती आत नेली. रात्री ते बाहेर पडले आणि शहर हातात आलं. गनिमी काव्याच्या मुलखातल्या वाचकाला याहून जास्त काही सांगायला नको.

खणणाऱ्यांचं नाव इतिहासात असं क्वचितच येतं. गीटहोर्नात पुष्कळ वस्ती मेनोनाइट पंथाची होती. लहान मुलांना बाप्तिस्मा न देणारे, शस्त्र न उचलणारे, साधेपणानं राहणारे हे लोक. आजही गावात त्यांचं प्रार्थनाघर आहे. इथला खणणारा निदान स्वतःच्या घरात राहत होता, दोन गाई राखत होता. ड्रेन्थच्या उंच पीटवर परिस्थिती याहून वाईट. तिथं कंपन्या मैलोन् मैल कालवे काढत पुढं सरकायच्या आणि त्यांच्यामागून मजुरांचे तांडे. राहायला गवताळ ढेकळांच्या झोपड्या. मजुरी मिळणार मुकादमाकडून आणि किराणाही घ्यायचा त्याच्याच दुकानातून, त्याच्याच भावानं. कर्ज फिटणार कधी, याचा अंदाज करायला अर्थशास्त्र लागत नाही. १८८३ च्या शरदात व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथं तीनेक महिने राहिला. त्या वेळची त्याची चित्रं अंधारी, मातकट आहेत: पीटच्या नावा, ओणवी माणसं, जमिनीतून उगवल्यासारख्या झोपड्या. सूर्यफुलांच्या आधीचा हा व्हॅन गॉग कॅलेंडरवर येत नाही. त्या झोपड्या हटायला १९०१ चा घरबांधणी कायदा आणि त्यानंतरची कित्येक वर्षं जावी लागली.

गीटहोर्नच्या आसपासचं पीट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आलं. दुसऱ्या महायुद्धात जळणाची चणचण पडली, तेव्हा पुन्हा थोडी हत्यारं निघाली, पण तेवढंच. कोळसा होताच. १९५९ मध्ये ग्रोनिंगनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि चुलीचा प्रश्न मिटला. (वायू उपसल्यानं तिथं भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले आणि २०२३ मध्ये तो उपसा थांबवावा लागला. जमिनीच्या पोटातलं जळण काढून वर शांतपणे राहणं या देशाला काही जमलेलं नाही.)

जळण संपल्यावर गावानं बोरू आणि गवत धरलं. गवत तळ्यापलीकडून नावेतून आणायचं. गाईसुद्धा सपाट नावेत उभ्या करून चराईला न्यायच्या. पुंटर नावाची गावची होडी अरुंद, दोन्ही टोकांना वर उचललेली, लांब बांबूसारख्या काठीनं रेटायची. लग्नाची वरात, टपाल, डॉक्टर, शवपेटी, सगळं तिच्यातून. इथल्या जुन्या शेतघरांचं छप्पर पुढं ठेंगणं आणि मागं अचानक उंच उठतं. गवत जास्त येऊ लागलं तसा मागचं कोठार उंचावलं, पुढचं घर तेवढंच राहिलं. लोक त्याला उंटाचं छप्पर म्हणतात. मला या गावात सगळ्यात आवडतात ती ही छपरं. घरमालकाची ऐपत आणि गरज यांची नोंद त्यांच्यावर सरळ वाचता येते.

गावाला देशभर नाव मिळालं ते १९५८ मध्ये. बेर्ट हान्स्ट्रा या दिग्दर्शकानं 'फानफारे' हा विनोदी चित्रपट इथं चित्रित केला. गावातल्या बँडपथकात फूट पडते, दोन पथकं होतात आणि दोघांनाही स्पर्धा जिंकायची असते. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यानंतर पर्यटक आले ते आलेच. शेती आतबट्ट्याची होत गेली, शेतघरं शहरी पैसेवाल्यांनी घेतली. आज हिरवळीवर लावलेली 'ही खासगी जागा आहे' अशी पाटी परदेशी माणसाला उद्धट वाटते. पण आपल्या न्हाणीघराच्या खिडकीसमोरून दिवसाला शेकडो बोटी कॅमेरे रोखून गेल्या, तर आपण पाटीवरच थांबलो असतो का, असं मनात येतं.

आता थोडं पाण्याच्या आत. वीडन आणि वेरिबन मिळून आज एक राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे दहा हजार हेक्टरचं. वेरिबनला हा दर्जा १९९२ मध्ये मिळाला आणि २००९ मध्ये वीडन त्याला जोडलं गेलं. खणून सोडलेली खाच मोकळी राहत नाही. आधी पाणवनस्पती, मग काठावरून आत सरकणारी मुळांची तरंगती चटई, तिच्यावर शेवाळ, मग बोरू, मग आल्डरची झाडं. चटईवर पाऊल टाकलं, की पाच-सहा पावलं पलीकडचं गवत हलतं. म्हणजे खाच हळूहळू स्वतःच पीट बनवायला लागते. दुर्मीळ ऑर्किड, काळ्या सुरयांची घरटी, 'मोठा ताम्र' म्हणता येईल असं नारिंगी फुलपाखरू, हे सगळं या मधल्या अवस्थांवर जगतं. त्या फुलपाखराची डच उपजात साऱ्या जगात फक्त या परिसरात उरली आहे. १९८८ मध्ये देशातून नाहीसं झालेलं पाणमांजर २००२ पासून इथंच पुन्हा सोडण्यात आलं आणि ते टिकलं, पसरलं.

पण मधली अवस्था मधली म्हणून थांबत नाही. हात लावला नाही तर काही दशकांत सगळं दाट जंगल होईल, खाचा बुजतील आणि फुलपाखरू जाईल. म्हणून हिवाळ्यात बोरू कापावा लागतो. एकेकाळी कापणारे मिळत, कारण छपरांना बोरू लागायचाच. आता छपरांसाठी चीनमधूनसुद्धा बोरू येतो, तो स्वस्त पडतो, आणि इथला कापणारा निसर्गसंवर्धनाच्या अनुदानावर टिकून आहे. एवढ्यानंही भागत नाही, तेव्हा संवर्धन संस्था यंत्रं आणून नव्या खाचा खणतात. पूर्वी जळणासाठी, आता फुलपाखरासाठी. यात ढोंग शोधणाऱ्यांशी माझं जुळत नाही. माणसानं घडवलेली जागा माणसानं राबूनच राखावी लागते, आणि डच लोक ते काम खर्चाच्या रकान्यात उघडपणे लिहितात, हे मला बरं वाटतं.

खरी अडचण उद्यानाबाहेर आहे. जे पीट खणलं गेलं नाही, त्याच्यावर शतकानुशतकं गाई चरताहेत. ट्रॅक्टर रुतू नये म्हणून शेतातलं पाणी खाली ठेवतात. पाणी खाली गेलं, की वरचं पीट हवेत कुजतं, जमीन वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर खचते, मग पाणी आणखी खाली न्यावं लागतं. कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, देशाच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा दोन-तीन टक्के. म्हणजे फावड्याशिवाय, आगीशिवाय पीट जळतंच आहे. अॅम्स्टरडॅमलगतच्या आम्स्टेलफेनमध्ये आयटीतली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, त्यांच्या घरामागून सायकलवर निघालं की दहा मिनिटांत हीच कुरणं लागतात. २०१९ च्या हवामान करारात अशा कुरणांतून होणारं उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाला दहा लाख टनांनी कमी करायचं ठरलं. उपाय सगळ्यांना माहीत आहे: पाणी वर आणायचं. पाणी वर आलं, की गाय चरायला सोडता येत नाही, कुरण पाणथळ होतं, जमिनीचा भाव पडतो. पैसे कुणी द्यायचे, यावर सरकार, पाणी मंडळं आणि शेतकरी यांच्या बैठकांमागून बैठका चालू आहेत. काही ठिकाणी ओल्या शेतात पाणकणीस लावून त्यापासून घरांसाठी उष्णतारोधक फळ्या करण्याचे प्रयोग सुरू आहेत. दुधाइतका पैसा त्यात अजून सुटत नाही.